वकिलीला घालायचे ठरले, पण कोणत्या कॉलेजात?



दरवर्षी मृग जवळ आला की आमच्या पंचायत समितीच्या कचेरीत दोन प्रकारची माणसे येतात. एक कपाशीचे कोणते वाण लावू म्हणून विचारायला, आणि दुसरी पोराला कोणत्या कॉलेजात टाकू म्हणून विचारायला. मी शेतीखात्याचा माणूस. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. झालो आणि पुढे सारी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या गावांतून हिंडण्यात गेली. पिकावरच्या अळीची मला ओळख, कायद्याच्या कलमांची नाही. पण खेड्यात ज्याच्या नावामागे एक पदवी लागली त्याला सगळेच ठाऊक असते, असा लोकांचा भाबडा समज असतो. तो अगदीच खोटा ठरू नये म्हणून गेली काही वर्षे वकिलीच्या शिक्षणाची माहिती मी जमवीत आलो आहे. या कामात एक चूक माझ्याही हातून झाली. तीही आज सांगणार आहे, म्हणजे तुमच्या घरी ती होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात समुद्रपूर तालुक्यातले एक शेतकरी आपल्या पोरीला घेऊन माझ्या घरी आले. पाच एकर वावर, त्यात पऱ्हाटी, तूर आणि थोडा चणा. पोरगी बारावीला, कला शाखेत. चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, "सायेब, पोरगी वकील होतो म्हन्ते. मले त्यातलं काई समजत नाई. कुठी टाकू तिले?"

मी पोरीलाच विचारले, "वकीलच का गं बेटा?"

ती म्हणाली, "काका, आमची पांदण दोन वर्षांपासून बंद आहे."

मग सगळी हकीकत कळली. शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यावर काट्या टाकल्या. बंडी वावरात जाईना. वेचलेला कापूस दुसऱ्याच्या धुऱ्यावरून डोक्यावर आणावा लागला. भाऊंनी आधी पंच केले, मग पोलीस पाटलाला सांगितले, मग दिवाळीपर्यंत थांबले. दहा महिन्यांनी तालुक्याला गेले तेव्हा समजले, की अडवलेला रस्ता मोकळा करून घेण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत कधीच टळून गेली होती.

"सहा महिने असतात हे सांगणारं माणूस आमच्या गावात एकही नव्हतं," पोरगी म्हणाली. "ते माणूस मला व्हायचंय."

मग भाऊंनी पिशवीतून गुळगुळीत कागदाचे एक रंगीत पुस्तक काढले. दूरच्या शहरातल्या एका खाजगी विद्यापीठाचा माणूस पोरीच्या कॉलेजात येऊन ते वाटून गेला होता. परीक्षा नाही, गुणांची अडचण नाही, पंचवीस हजार भरा आणि जागा पक्की करा, असे त्याचे म्हणणे. फी, वसतिगृह, खानावळ असा पाच वर्षांचा हिशेब मी मांडला तर तो दहा लाखांच्या वर गेला. भाऊंनी मनाशी ठरवूनही टाकले होते. "रस्त्याकडचं दीड एकर काढतो, सायेब. पोरीचं भलं होते ना!"

मी म्हटले, "भाऊ, वावर विकायच्या आधी मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत जे शोधले आणि त्यानंतर जे कळत गेले, ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

पाच वर्षांचे की तीन वर्षांचे?

वकिलीच्या पदवीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर सरळ पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात बी.ए. आणि एलएल.बी. एकत्र होतात. दुसरी वाट म्हणजे आधी कोणतीही पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. करायची. वकिलीची सनद दोन्ही वाटांनी सारखीच मिळते. कोर्टात कोणी विचारत नाही, की तुमची पाच वर्षांची की तीन वर्षांची.

ज्या मुलाचे मन पक्के आहे त्याने पाच वर्षांची वाट धरावी, एक वर्ष वाचते. ज्याचे मन अजून दोलायमान आहे, किंवा घरची ओढाताण आहे, त्याने जवळच्या कॉलेजात घरी राहून बी.ए., बी.कॉम. करावे आणि मग कायद्याकडे वळावे. बी.एस्सी. कृषी झालेल्यालाही एलएल.बी. करता येते. जमिनीच्या दाव्यांत असा वकील उजवाच ठरेल, असे मला आपले वाटते.

दोन्हीकडे आधीच्या परीक्षेत गुण लागतात: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. आणखी एक अट पुष्कळांना ठाऊक नसते. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर ती कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. घरबसल्या पत्राद्वारे केलेली एलएल.बी.ही चालत नाही. तसे कोणी सांगत आले तर त्याला दारातूनच रामराम करा.

पाकिटावरचे बोंड पाहू नका, टॅग पाहा

बियाणे घेताना मी तुम्हाला दरवर्षी सांगतो: पाकिटावरच्या बोंडाचे चित्र पाहून भुलू नका. टॅग पाहा, लॉट नंबर पाहा, पक्के बिल घ्या. कॉलेजचेही तसेच आहे. त्याचा टॅग म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता.

वकिलांचा कायदा १९६१ सालचा आहे आणि त्याखाली बार कौन्सिल देशातल्या कायद्याच्या शिक्षणावर देखरेख ठेवते. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी घेतली तर सनद मिळत नाही. मग ती पदवी भिंतीवर टांगण्यापुरती. मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून "आमच्याकडे मान्यता आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या वर्षापर्यंत आहे, किती जागांना आहे, हे पत्र डोळ्यांनी पाहावे. मान्य संस्थांची यादी बार कौन्सिल प्रसिद्ध करते, ती सेतू केंद्रात बसूनही पाहता येते. वाटेल तिथे कॉलेजे निघत गेली आणि शिकवण्याचा दर्जा खालावला म्हणून बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नवी कॉलेजे काढायला तीन वर्षांची बंदी घातली. यावरून काय ते समजा.

दोन परीक्षा, दोन दारे

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या कायदा कॉलेजांत जायचे तर राज्याची सीईटी द्यावी लागते. २०१६ पासून ही परीक्षा सुरू झाली. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगवेगळी असते. प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. आपल्या मुलांना हे दार सोयीचे आहे. परीक्षेनंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, आणि गुणांप्रमाणे व प्रवर्गाप्रमाणे जागा मिळते.

दुसरे दार राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे. पहिले असे विद्यापीठ १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगलोरला निघाले. आज देशभर दोन डझनांहून अधिक आहेत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. नागपूरचे विद्यापीठ वारंगा येथे, म्हणजे आपल्या उंबरठ्यावरच आहे. यांच्यासाठी क्लॅट नावाची परीक्षा असते. ती अलीकडे डिसेंबरात होते, पूर्ण इंग्रजीत असते, लांबलचक उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अर्जाचीच फी खुल्या प्रवर्गाला चार हजार आणि अनुसूचित जाती-जमातींना साडेतीन हजार रुपये आहे. प्रवेश मिळाला तर वर्षाचा खर्च वसतिगृहासह दोन लाखांच्या आसपास किंवा वर जातो. शिक्षण उत्तम, मोठ्या कंपन्यांच्या नोकऱ्यांची दारेही उघडतात. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राज्यातल्या विद्यापीठांत काही जागा राखीव असतात. पण तयारी अकरावीपासून लागते आणि इंग्रजी वाचनाची सवय लागते. हुशार पण गरीब मुलांना क्लॅटसाठी फुकट तयार करणारी 'इडिया' नावाची एक संस्था २०१० पासून काम करते, तिचीही चौकशी करावी.

आता माझी चूक

येथेच माझी चूक झाली. २०१८ साली माझा सख्खा पुतण्या बारावीला होता. त्याला वकील व्हायचे होते. घरात शिकलेला काका मीच. मी म्हटले, "आधी निकाल लागू दे, मग पाहू." निकाल लागला, पेढे वाटले, आणि मग चौकशीला गेलो तर कळले की पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी एप्रिलमध्येच होऊन गेली आहे. निकालानंतर फॉर्म मिळतो, हा माझ्या जमान्यातला हिशेब मी धरून बसलो होतो. पोराचे एक वर्ष माझ्यामुळे गेले. तो कधी बोलला नाही, पण माझ्या वहिनीने त्या दिवाळीला जे पाहिले ते मला अजून आठवते. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत झाली.

म्हणून ही गोष्ट घराच्या भिंतीवर लिहून ठेवा: अर्ज निकालाच्या आधी भरायचे असतात. क्लॅटचा अर्ज दिवाळीच्या आसपास संपतो. सीईटीचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून बारावीचे वर्ष लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी चौकशी करावी. समुद्रपूरची पोरगी संक्रांतीला आली तेव्हा क्लॅटचे दार बंद झालेले होते. सीईटीचे उघडे होते.

वर्ध्याहून कोणकोणती कॉलेजे?

पुष्कळांना वाटते, कॉलेज आणि विद्यापीठ एकच. तसे नाही. शिकवते कॉलेज, पदवी देते विद्यापीठ. आपला जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मोडतो. हे विद्यापीठ १९२३ सालचे. त्याचे स्वतःचे कायदा कॉलेज १९२५ पासून नागपूरला चालते. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय म्हणतात. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले एम. हिदायतुल्ला यांनी तेथे शिकवले. माजी पंतप्रधान नरसिंह राव आणि माजी सरन्यायाधीश शरद बोबडे हे नागपूर विद्यापीठातच कायदा शिकले. वर्धा शहरातही कायद्याचे कॉलेज आहे.

वर्धा नदी ओलांडली की संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची हद्द लागते. आर्वी, आष्टीच्या मुलांना अमरावती जवळ पडते. तेथे डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आहे. ज्यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठात मी शिकलो ते पंजाबराव स्वतः शेतकऱ्याचे पुत्र, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री. शेती आणि कायदा यांचे वाकडे नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता? देवळी, पुलगावकडच्यांनी यवतमाळचे अमोलकचंद विधी महाविद्यालय पाहावे. हिंगणघाट, समुद्रपूरकडच्यांना चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालयही सोयीचे, ते गोंडवाना विद्यापीठात येते.

लांब जायची तयारी असेल तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आहे, १८५५ सालचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य होते. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ सालचे. दोन्हीकडे सीईटीनेच प्रवेश, पण गुण फार वरचे लागतात. मुंबईच्या शासकीय कॉलेजची फी कमी आहे, मात्र राहण्याचा खर्च मुंबईचा!

नाव मोठे म्हणून मूल मोठे होतेच, असेही नाही. भूषण गवई अमरावतीचे. नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, १९८५ साली सनद घेतली, पुढे मुख्यतः नागपूरच्या खंडपीठात वकिली केली आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. विदर्भाच्या मातीत हे पीक येते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

यादी कशी करावी?

सगळ्या वावरात एकच वाण कोणी पेरीत नाही. पसंतीचा फॉर्म भरतानाही एकदोन नावे घालून थांबू नये. तीन वाटे करावेत. पहिल्या वाट्यात आपल्या गुणांपेक्षा थोडी वरची कॉलेजे, मिळाली तर देव पावला. दुसऱ्यात आपल्या गुणांच्या बरोबरीची. तिसऱ्यात जी नक्की मिळतील अशी, पण जेथे शिकायला खरोखर जाऊ अशीच. गेल्या वर्षी कोणत्या कॉलेजला कोणत्या प्रवर्गात किती गुणांवर प्रवेश मिळाला, त्याच्या याद्या निघतात. त्यावरून वाटे पाडता येतात. मात्र क्रम लावताना "मिळेल का" हा विचार करू नये. ज्या कॉलेजात जायची इच्छा जास्त, ते वर लिहावे.

आणि यादी पक्की करण्याआधी शिवारफेरी करावी. मी भाऊंना आणि पोरीला घेऊन तीन कॉलेजांत गेलो, तेही शनिवार-रविवार सोडून, सकाळी अकराच्या सुमारास. काय पाहावे ते सांगतो.

पहिले, वर्ग भरतात का? एका ठिकाणी बाके रिकामी आणि धूळ बोटभर होती. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी सांगितली आहे. "यायची गरज नाही, परीक्षेला या" असे जे कॉलेज सांगते ते मुलाचे भले करीत नाही. दुसरे, कायम शिक्षक किती? तिसरे, ग्रंथालयात नवी पुस्तके आहेत का? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागी नवे कायदे आले आहेत. जुन्या पुस्तकांवर फौजदारीचा अभ्यास चालवणारे कॉलेज काय कामाचे? चौथे, मुलांकडून लुटुपुटीचे खटले चालवून घेतात का, आणि कायदा मदत केंद्र नावालाच आहे की गावात जाते? पाचवे, मराठीतून पेपर लिहिता येतो का? हे कचेरीत विचारावे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही विचारावे. तालुका आणि जिल्हा कोर्टाचे काम १९९८ पासून मराठीतून करायचे ठरले आहे, तर हायकोर्टात इंग्रजी लागते. म्हणून मराठी पक्की हवी आणि इंग्रजीशी वैर नको. सहावे, मुलींसाठी वसतिगृह, आणि रात्रीची येण्याजाण्याची सोय.

चहाच्या टपरीवर उभी असलेली मुले कॉलेजच्या माहितीपुस्तकापेक्षा जास्त खरे सांगतात, हा माझा अनुभव आहे.

पैशाचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण शिक्षणालाही लागू आहे. फक्त पहिल्या वर्षाची फी विचारून येऊ नये. पाच वर्षांची फी, खोली, खानावळ, जाणे-येणे, पुस्तके असे सगळे एका कागदावर मांडावे. आणि त्याखाली आणखी तीन वर्षे लिहावीत. कारण पदवी हाती आली म्हणजे पीक घरी आले असे नव्हे. वकिली ही संत्र्याच्या बागेसारखी आहे. नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसतो, तेव्हा पहिली काही वर्षे मिळकत जेमतेम असते. बागेला फळ धरेपर्यंत पाणी द्यायला विहिरीत काही शिल्लक ठेवावी लागते. सगळे पैसे कॉलेजातच घातले तर नेमक्या त्या वर्षांत मूल खचते आणि मिळेल ती नोकरी धरते.

सरकारी सवलती बऱ्याच आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. एजंट हे सांगत नाहीत! अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे. यांतले बरेच अर्ज महाडीबीटीवर भरायचे. त्यातूनही कमी पडले तर बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, म्हणजे वावर गहाण टाकायची वेळ येत नाही.

कागद आधी, धावपळ नंतर नाही

गुण असून कागदापायी जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर हे सगळे एकाच नावाने, एकाच स्पेलिंगने हवे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे, असे असेल तर अकरावीतच दुरुस्त करून घ्या. जात वैधतेला वेळ लागतो, ते काम बारावीच्या वर्षात सुरुवातीलाच टाकावे. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि पैसे भरल्याची पावती एका पिशवीत ठेवा. ती पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात द्या, पुरुषांच्या हातून ती हरवते.

पदवीनंतर काय?

एलएल.बी. झाल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात लिहिल्याप्रमाणे खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये, याहून जास्त घेता येणार नाहीत. नंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा पास व्हावी लागते. न्यायाधीश व्हायचे असेल तर २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. म्हणून शिकतानाच कोर्टाजवळ राहिलेले बरे. नागपूरला हायकोर्टाचे खंडपीठ आहे आणि वर्ध्याला जिल्हा न्यायालय. आपल्या मुलांना हा फायदा पुण्या-मुंबईला न जाताही मिळतो.

सेवाग्रामच्या बापूंची एक गोष्ट

आपला जिल्हा बापूंचा. तेही वकीलच, पण त्यांनी ही विद्या कशी निवडली हे फार जणांना ठाऊक नसते. भावनगरच्या कॉलेजात एक सत्र काढून ते परत आले तेव्हा घरच्या स्नेह्यांनी हिशेब मांडला: येथे पदवी आणि वकिली व्हायला वर्षानुवर्षे लागतील, विलायतेत बॅरिस्टर तीन वर्षांत होतो. बापूंना खरे तर डॉक्टर व्हायचे होते. ते १८८८ साली गेले आणि १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले. पण मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्याला उभे राहिले तेव्हा तोंडून शब्द फुटला नाही, आणि घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले. एवढ्या मोठ्या ठिकाणची पदवी कामी आली नाही. वकिली ते खऱ्या अर्थाने शिकले दक्षिण आफ्रिकेत, एका व्यापाऱ्याच्या दाव्याची कागदपत्रे बारकाईने वाचून, आणि शेवटी तो दावा लवादाने मिटवून. मोठे कॉलेज वाईट असा याचा अर्थ नाही. कॉलेज दार उघडते, आत चालावे मुलालाच लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काय झाले?

समुद्रपूरच्या पोरीने सीईटी दिली. पसंतीत आठ कॉलेजे भरली होती. तिसऱ्या क्रमांकाचे, नागपूरचे मिळाले. वर्षाची फी एका चांगल्या बैलाच्या किमतीइतकीही नाही. दीड एकर जागेवर आहे. गेल्या खरिपात त्यात तूर होती. पंचवीस हजार मागणाऱ्या माणसाचे फोन महिनाभर येत राहिले. "सायेबाले विचारतो" असे सांगून भाऊंनी ते माझ्यावर ढकलले.

पोरगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी इंग्रजीने रडवले, एक विषय राहिला, तो पुढे निघाला. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती बापासोबत ओट्यावर बसली आणि जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मिळण्याचा अर्ज तिने स्वतः लिहिला. त्याला ती सहा महिन्यांची अट नाही, हे तिला कॉलेजात कळले. स्थळपाहणी झाली आहे. निकाल अजून यायचा आहे. पण भाऊ मला म्हणाले, "सायेब, पयल्यांदाच मी सई करायच्या आधी कागदात काय लिवलं ते आयकलं. पोरीनं वाचून दाखवलं."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ते खरेच आहे. पण भूसंपादनाची नोटीस येते, भावाभावांत वाटणी होते, सातबाऱ्यावर भलतेच नाव चढते, तेव्हा ती पायरी आपल्या दारात येऊन उभी राहते. अशा वेळी मुदत कधी संपते हे सांगणारे एक माणूस गावात असले, तर कितीतरी वावरे वाचतील.

तेव्हा तुमच्या घरी असे मूल असेल तर या आठवड्यात तीन कामे करा. त्याला किंवा तिला जवळ बसवून विचारा, वकीलच का व्हायचे? कागदांची पिशवी काढून प्रत्येक कागदावरचे नाव जुळवा. आणि कोणालाही एक रुपया देण्याआधी बार कौन्सिलच्या यादीत त्या कॉलेजचे नाव आहे का, ते स्वतः पाहा. मग वावर विकायचे की नाही, याचा विचार निवांत करता येईल. बहुतेक वेळा तो करावाच लागणार नाही.